साईडवाला

नाशिकचा बुधवारचा बाजार गंगेवर भरतो. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, हरिद्वारकरांनी मनाला लावून घेऊ नये.) मी गेलो होतो मेथी आणायला. मेथी राहिली आणि पितळेचा एक साईड ड्रम घरी आला.

भंगारवाल्याच्या गोणपाटावर तो पाती नसलेल्या टेबलफॅनशेजारी उताणा पडला होता. 14 इंची, चांगला खोल, बँडवाले खांद्याला अडकवतात तसला. वरचं पान फाटलेलं, खालचं नव्हतंच. कळकलेल्या पितळेवर ‘मेरठ’ एवढंच वाचता येत होतं, आणि मला तेवढं पुरलं. मेरठच्या जली कोठीत देशभरच्या बँडवाल्यांची वाद्यं घडतात. तिथली नादिर अली कंपनी तर 1885 सालची.

लहानपणी वरातीत सगळी पोरं घोड्याभोवती असायची. मी मात्र साईडवाल्याकडे तोंड करून उलटा चालायचो. गाणं क्लॅरिनेटवाल्याकडे असे, टाळ्या त्याला, नोटा त्याला. वरात पुढे सरकायची ती मात्र या बारक्या माणसाच्या दोन काड्यांवर. आता बेंजो आणि डीजेच्या राज्यात तो दिसत नाही.

‘‘कितीला, भाऊ?’’

‘‘दोन हजार.’’

‘‘अहो, फाटलाय की सगळा!’’

‘‘म्हणून तर विकतोय, काका. वाजत असता तर मीच वाजवला नसता?’’

या युक्तिवादापुढे मी 1400 रुपये मोजले. घरी हिने आधी ड्रमकडे पाहिलं, मग पिशवीकडे. ‘‘मेथी?’’ एवढंच म्हणाली.

चिंच आणि मीठ घेऊन मी आठ दिवस पितळ घासलं. हिरवा कळक गेला आणि त्याखालचे पोचे उजेडात आले. कळक होता तोवर ते दिसत तरी नव्हते. ड्रम घेऊन तांबट लेन गाठली. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने तो मांडीवर घेतला, टिचकी मारली, कान लावला. डॉक्टरही हल्ली एवढा वेळ देत नाहीत. ‘‘मोठे पोचे काढतो. बारके राहू द्या. ठोकून ठोकून पितळ कडक होतं, मग तडकतं.’’ मी जरा हिरमुसलो. पुढे कळलं, की अमेरिकेत लुडविगसारखी कंपनी असले ड्रम मुद्दाम मठारून विकते आणि हौशी लोक त्या ठोक्यांचे जादा पैसे देतात. तेव्हापासून माझे उरलेले पोचे मी पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो.

मग पानांचा प्रश्न आला. कातड्याचं घ्यावं की प्लॅस्टिकचं? कातडं पावसाळ्यात सादळतं. पूर्वी ताशेवाले मिरवणूक थांबली की रस्त्याकडेला कागद पेटवून ताशा शेकायचे, ते याच कारणाने. 1950 च्या दशकात अमेरिकेत प्लॅस्टिकची पानं निघाली आणि ती शेकोटी हळूहळू विझली. फ्लॅटच्या बाल्कनीत ड्रम शेकताना वॉचमन काय म्हणेल, याचा विचार करून मी प्लॅस्टिक घेतलं. वर-खाली दोन्हीकडे एकसारखं आणि चांगलं जाड. मोठ्या ऐटीत काडी मारली, तर आवाज आला तो पोहे ठेवलेल्या डब्याचा.

साईड ड्रमचा जीव त्याच्या पोटाखाली असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. खालचं पान मुद्दाम पातळ लावायचं असतं, कारण त्याला चिकटून तारांची पट्टी असते. वर काडी पडली की आतली हवा खालच्या पानाला ढकलते, तारा त्यावर थरथरतात आणि तो ‘तर्रर्र’ उमटतो. पूर्वी तिथे जनावराच्या आतड्याची तात असे. या तारांना इंग्रजीत स्नेअर म्हणतात आणि त्यांच्यावरूनच तो स्नेअर ड्रम. हा शब्द मूळचा डच, तारेसाठीचा, असं म्हणतात. इंग्रजीत मात्र स्नेअरचा दुसरा अर्थ फास. पहिल्या महिन्याचा खर्च मांडल्यावर मला हाच अर्थ जास्त पटला.

पातळ पान आणलं, 20 तारांची पट्टी बसवली. आधी इतकी आवळली की ड्रमचा घसाच बसला. अर्धा आटा सैल केला आणि पन्नास वर्षांपूर्वीची वरात एकदम दिवाणखान्यात शिरली. खालच्या मजल्यावरून लगेच विचारणा झाली. त्यानंतर ड्रम कपाटावर गेला.

पण तो गप्प बसेना. या तारा भलत्या भोचक असतात. जवळपास कुठेही योग्य सूर घुमला की त्या आपणहून थरथरतात. मिक्सर लागला की तर्रर्र. कुकरच्या शिट्टीला तर्रर्र. मी घोरतो, हेही ही आता पुराव्यानिशी सांगते.

अनंत चतुर्दशीची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि पंचवटी कारंजावर येते. तिथून आमची बिल्डिंग हाकेच्या अंतरावर. नाशिक ढोलाचा पहिला ठोका पडला, खिडकीची तावदानं हादरली आणि कपाटावर साईडवाला सुरू झाला. काडी नाही, हात नाही. बाहेरच्या प्रत्येक ठोक्याला आतून उत्तर.

‘‘अहो, हे बंद करता येत नाही का?’’ हिने कानावर हात ठेवून विचारलं.

ड्रमच्या कडेला एक खटका असतो. तो पाडला की तारा पानापासून सुटतात आणि ड्रम मुका होतो. हिला मी तो अजून दाखवलेला नाही.