टॉवर आडवा, अर्ज ऑनलाइन

२६ सप्टेंबर २०२४च्या रात्री हेलेन चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दुसऱ्या दिवशी शेकडो मैल लांब, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातलं अ‍ॅशव्हिल बुडवून गेलं. वीज गेली, पाणी गेलं, रस्ते वाहून गेले, मोबाइल मुके झाले. मायबाप सरकार मात्र सज्ज होतं: मदत हवी? वेबसाइट, अ‍ॅप किंवा टोल-फ्री फोन, हवं ते निवडा! आपल्याकडे तलाठी भाऊसाहेब सातबारा मागतात, तिथे वेबसाइट पासवर्ड मागते. प्रगत देश म्हणतात तो हाच.

तातडीची मदत ७५० डॉलर. ‘ते कर्ज आहे, घर जाईल’ ही अफवा मात्र रेंज नसतानाही घरोघर पोचली. डोंगरातल्या वस्त्यांवर अन्न-औषधं नेली ती खेचरांनी. त्यांना ना नेटवर्क लागतं, ना ओटीपी. शहराच्या नळाला पिण्याजोगं पाणी यायला ५३ दिवस लागले.

तेव्हा वाचकहो, पावसाळ्याआधी शेजाऱ्याशी असलेलं भांडण मिटवून घ्या. पहिली मदत तिथूनच येते, आणि तीही बिनअर्जाची.