परकराची निविदा

आमच्या धावपट्टीचा मोजा फाटलाय. मोजा म्हणजे खांबावर लटकणारी ती नारिंगी-पांढरी कापडी पिशवी. वारा कुठून येतोय ते वैमानिकाला तिच्यावरून कळतं. तिच्या चिंध्या होऊन दोन पावसाळे गेले. आता दुरुस्ती होणार, पण त्याआधी ‘धावपट्टी परिसरातील किरकोळ सुधारणांकरिता अभियांत्रिकी सल्लागार नेमणे’ होणार. निविदा निघाली आहे. मी ती पूर्ण वाचली. निवृत्त माणसाला दुसरं काम काय!

सल्लागाराने वाऱ्याचा अभ्यास करून सविस्तर प्रकल्प अहवाल द्यायचा, पाच प्रती, स्पायरल बाइंडिंगसह. तांत्रिक गुणांना 80, दराला 20. मागच्या तीन वर्षांची लेखापरीक्षित उलाढाल हवी, वर अशाच स्वरूपाच्या तीन कामांचे दाखले.

आता या मोज्याची मापं आंतरराष्ट्रीय आहेत आणि जगजाहीर आहेत. लांबी किमान 3.6 मीटर, मोठ्या तोंडाचा व्यास किमान 0.9 मीटर, दोन रंगांचे शक्यतो पाच पट्टे, पहिला आणि शेवटचा गडद. ती चिठ्ठीवर उतरवून मी बाजारपेठेतल्या टेलरमास्तरांकडे गेलो. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला, टेप न काढता बोटांवर हिशेब केला. “घेर पावणेतीन मीटरच्या वर जातोय. एकीकडे रुंद, दुसरीकडे निमुळता, दोन्ही तोंडं उघडी. अहो, हा तर परकरच! फक्त नाडी नको.” गिऱ्हाईक कोण, एवढं सोडून त्यांना सगळं समजलं होतं. परवापर्यंत देतो म्हणाले. मी विचारलं, मास्तर, लेखापरीक्षित उलाढाल? ते म्हणाले, शिलाई द्या, कापड तुमचं.

आणि वाऱ्याचा अभ्यास? त्या धावपट्टीवर विमान उतरलेलं पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. सकाळी तिथे पोरं स्कूटर शिकतात, सुगीत लोक सोयाबीन वाळत घालतात, तूर उपणतात. वारा कुठून येतो ते उपणणाऱ्या बाईला विचारा की! तिने चुकीच्या बाजूला तोंड केलं तर भुसा डोळ्यात जातो. सल्लागाराच्या डोळ्यात आजवर काय गेलंय? मागे एक बडे पाहुणे हेलिकॉप्टरने यायचे होते, तेव्हा कसला अहवाल आणि कसले दाखले! रातोरात रोलर फिरला, फक्कीने गोल आखला, मध्ये इंग्रजी एच काढला, वारा दाखवायला धुराचं नळकांडं पेटवलं. माझ्या आळीतला नळ मात्र चार वर्षं ‘सर्वेक्षणाधीन’ आहे! पाहुण्यांना तहान लागली असती तर तोही रातोरात वाहिला असता.

असो. निविदापूर्व बैठकीला मी मास्तरांना घेऊन गेलो. त्यांनी उभं राहून एकच शंका विचारली, अस्तर लावायचं का? उत्तर लेखी आलं: ‘निविदेत नमूद केल्याप्रमाणे.’ सोबत शुद्धिपत्रक क्रमांक 3, एकवीस दिवसांची मुदतवाढ.

मास्तरांच्या वहीत माप अजून आहे, एक ब्लाऊज आणि शाळेची हाफपँट यांच्या मध्ये.