गरीब आणि होतकरू

जून महिन्यात बॉन शहरातल्या ट्रॅममध्ये चढलात तर तो हमखास दिसेल. गळ्यात फितीला लटकवलेलं ओळखपत्र, पाठीवर सॅक, सॅकच्या खिशात स्टीलची बाटली आणि बाटलीवर चार परिषदांचे चार स्टिकर. वय तिशीच्या अलीकडे की पलीकडे ते सांगणं अवघड, कारण कपाळ दरवर्षी थोडं वर सरकतं आणि अर्जातली कारकीर्द मात्र दरवर्षी नुकतीच सुरू झालेली असते.

हवामान धोरणाच्या क्षेत्रात विकसनशील देशांतल्या, कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेल्या तरुणांसाठी फेलोशिपा निघतात. संयुक्त राष्ट्रांचं हवामान सचिवालय आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ मिळून एक चालवतात, जर्मनीचं हुम्बोल्ट प्रतिष्ठान एक देतं, शिवाय इतर संस्थांच्या आणि सरकारांच्या वेगळ्या. कुठली एक वर्षाची, कुठली दोन. एक संपली की माणूस दुसरीला अर्ज करतो आणि पुन्हा सुरुवातीला येऊन उभा राहतो. आपल्याकडे शाळेच्या फळ्यावर ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यांसाठी’ अशी सूचना लागायची. पोरगं कमावतं झालं की त्याचं होतकरूपण आपोआप संपायचं. याचं संपत नाही. तेव्हा आपण त्याला होतकरूच म्हणू.

आपला होतकरू करमाळा तालुक्यातला. आजोळ श्रीवर्धनचं. या दोन गावांनी त्याचं करिअर उभं केलं. अर्जासोबत एक प्रेरणापत्र द्यावं लागतं, ‘या विषयाकडे मी कसा वळलो’ याचं. पाण्याची फेलोशिप असली की होतकरू दुष्काळग्रस्त असतो आणि पहिल्याच परिच्छेदात आजोबांची विहीर आटते. किनारपट्टीची असली की तो वादळग्रस्त होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त होतकरू त्या दिवशी पुण्यात खोलीवर होता आणि वाय-फाय गेलं म्हणून चिडला होता. शहरी उष्णतेच्या फेलोशिपला हीच खोली उपयोगी पडली, कारण तिला वर पत्रा होता. तिन्ही अर्ज एकत्र वाचले तर एकाच माणसावर इतकी संकटं कोसळलेली दिसतात, की त्याला विद्यावेतनाऐवजी आपत्ती निवारण निधीतून मदत द्यावी.

एकदा धाकट्या बहिणीने ते पत्र आजोबांना, म्हणजे आबांना, मराठीत वाचून दाखवलं.

“आरं, हीर आटली कवा? मोटर चालू हाय की खाली!”

“आबा, ती अर्जापुरती आटलीय.”

“मंजूर झाला का अर्ज?”

“झाला.”

“मग आटू दे.”

फेलोशिप मिळाल्यावर पेढे वाटायचे की नाही, यावर घरात मतभेद झाले. फेलोशिप म्हणजे नोकरी नव्हे, स्टायपेंड म्हणजे पगार नव्हे, आणि फेलो म्हणजे साहेब नव्हे, एवढं कळल्यावर वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, अर्धा किलोच आणले. गावात बातमी गेली ती ‘पोरगं हवामानात लागलं’ अशी. दुसऱ्या दिवशी पारावर माणसं विचारायला आली, पेरणी कधी करू? होतकरूने नम्रपणे सांगितलं की तो पाऊस सांगत नाही, तो २०५० साली काय होईल ते सांगतो. मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं आणि मोबाइलवर पाऊस सांगणाऱ्या पंजाबराव डखांचा व्हिडिओ लावला.

मग जर्मनीचा व्हिसा. गरीब देशातला तरुण परत येणारच, हे श्रीमंत देशाला आधी कागदावर पटवावं लागतं. होतकरूने बँकेचं स्टेटमेंट जोडलं, आण्णांची ठेवपावती जोडली आणि मायदेशाशी असलेले दृढ संबंध म्हणून सातबारा जोडला. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा होता. एवढं कर्ज डोक्यावर असलेल्या घरातला मुलगा तिकडे रमणार नाही, हे वकिलातीला पटलं असावं. व्हिसा आला.

विमानात बसण्याआधी त्याला उत्सर्जनाची टोचणी लागली. मुंबई ते फ्रँकफर्ट आणि परत, म्हणजे हवेत सोडलेल्या कार्बनचा हिशेब आला. भरपाई म्हणून त्याने बांधावर दहा रोपं लावली आणि नियमाप्रमाणे आणखी दोन राखीव लावली, कारण कार्बन बाजारात काही झाडं मेली तर भरपाईसाठी थोडे क्रेडिट बाजूला ठेवतात. तो बॉनला पोचेपर्यंत आठ रोपं आणि दोन्ही राखीव रोपं गेली. फोनवर तो गंभीर झाला. म्हणाला, “याला रिव्हर्सल म्हणतात, आबा.” आबा म्हणाले, “आमच्याकडं शेळी म्हणत्यात.”

बॉन हे पूर्वी पश्चिम जर्मनीच्या राजधानीचं गाव. संसद बर्लिनला गेली आणि रिकाम्या झालेल्या इमारतींत संयुक्त राष्ट्रांची कार्यालयं आली. त्यातल्या उंच इमारतीला लोक ‘लांगर ऑयगेन’, म्हणजे लंबू ऑयगेन म्हणतात. ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते संसदेचे अध्यक्ष ऑयगेन गेर्स्टनमायर स्वतः बुटके होते. होतकरू ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगतो. हुद्दा लहान आणि पत्ता उंच, ही त्याचीही स्थिती असल्याने तो ती मन लावून सांगतो.

दिवसा तो घनकचऱ्यातून निघणाऱ्या मिथेनवर धोरण-टिपण लिहितो. संध्याकाळी घरी आला की दारावर शेजारच्या आजींची चिठ्ठी असते. दह्याचा डबा पिवळ्या पेटीत टाकायचा होता, होतकरूने तो कागदाच्या निळ्या पेटीत टाकला. केळीची सालं तपकिरी पेटीत जायला हवी होती, ती उरलेल्या कचऱ्यात गेली. आजींचं धोरण-टिपण तीन ओळींचं असतं आणि त्याची अंमलबजावणी लगेच होते. होतकरूच्या टिपणाला तीन महिने लागतात आणि पुढे ते ‘दखल घेण्यात आली’ या सदरात जमा होतं.

रविवारी दुकानं बंद, म्हणून रविवारी तो घरी फोन करतो. आण्णा एकदा म्हणाले, “त्या परिषदेत नक्की भांडण कशाचं असतं, ते मला सांग.”

होतकरूने सांगितलं. श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनमध्ये कबूल केलं की २०२० पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा गाठला गेला २०२२ साली, तोही श्रीमंत देशांच्याच संघटनेच्या हिशेबाने, आणि त्यातला मोठा भाग कर्ज. मग २०२४ साली बाकूमध्ये नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. गरीब देश मागत होते १.३ लाख कोटी डॉलर.

आण्णांनी उसाची शेती केलेली. ते लगेच म्हणाले, “म्हंजी उसाच्या दराची एफआरपीच की! कायदा सांगतो चौदा दिवसांत द्या. कारखाना देतो सवडीनं. आन् दिल्यावर ते बिल न्हाई, उचल म्हणून तुमच्या नावावर लिवतो.”

हवामान-वित्ताचं इतकं नेमकं वर्णन होतकरूने कुठल्या अहवालात वाचलं नव्हतं. त्याने ते इंग्रजीत करून पुढच्या सादरीकरणात टाकलं आणि टाळ्या घेतल्या. खाली श्रेय दिलं, ‘स्थानिक समुदायातील एक भागधारक’.

पण त्याचं खरं रूप पाहायचं तर बैठकीत. २०२३ सालच्या जूनची बॉनमधली हवामान बैठक ५ तारखेला सुरू झाली आणि १५ तारखेला संपायची होती. कार्यक्रमपत्रिकेत कुठला विषय घ्यायचा यावर देशांचं जमेना. शेवटी पत्रिका मंजूर झाली ती १४ तारखेला. मधल्या काळात मंजूर न झालेल्या पत्रिकेवर चर्चा मात्र चालू होत्या. आपला होतकरू या दहा दिवसांत रोज सूट घालून वेळेवर हजर होता, आणि रोज रात्री त्याने घडामोडींचा अहवाल लिहिला.

वाटाघाटींच्या या खोल्यांत सगळा जीव चौकोनी कंसात असतो. मसुद्यातल्या ज्या शब्दावर एकमत नाही तो कंसात घालतात आणि कंस सुटेपर्यंत लोक जागतात. काही महिन्यांत होतकरूला ही सवय इतकी लागली की मामांनी वधूवर मंडळाचा फॉर्म भरून मागितला तेव्हा त्याने ‘अपेक्षा’ या रकान्यात लिहिलं: ‘मुलगी [पुण्यातली] [पुण्यात यायला तयार] असावी. [नोकरी] [फेलोशिप] [काहीही नसलं तरी] चालेल.’

“हे चौकोन कसले?” मामांनी विचारलं.

“अजून एकमत झालेलं नाही, मामा.”

“कुणाचं कुणाशी?”

“माझं माझ्याशी.”

आईने फोन हिसकावून घेतला आणि लग्नाचं साल विचारलं. तो म्हणाला, आपल्या देशाने नेट झिरोसाठी २०७० साल दिलंय, मला निदान त्याच्या अर्धी मुदत द्या. आईने परिषदांची ओळखपत्रं ठेवलेला डबा उघडला, त्यातल्या शर्म अल शेखच्या फितीला गच्चीची किल्ली बांधली आणि दुबईच्या फितीला गॅसच्या पुस्तकाची पिशवी. दुबईच्या त्या परिषदेला ऐंशी हजारांहून जास्त माणसं गेली होती. एक फीत तरी कामाला आली.

इथवर हसणं सोपं आहे. पण होतकरूच्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसते, पॅसिफिकमधल्या बेटावरून आलेली. तिला प्रेरणापत्रासाठी आजोबांची विहीर आटवावी लागली नाही. तिच्या देशाची सर्वांत उंच जागा समुद्रापासून चार-पाच मीटर वर आहे, एवढंच तिने लिहिलं. परिषदेत एकाच वेळी दहा-दहा खोल्यांत चर्चा चालतात आणि मोठे देश प्रत्येक खोलीत चार माणसं बसवतात. तिच्या देशाचं सगळं शिष्टमंडळ एका टॅक्सीत मावतं. रात्री दोन वाजता कुठल्या तरी खोलीत एक कंस गुपचूप सुटतो आणि त्याच्याबरोबर बेटाचा हक्कही. तो पाहायला कुणीतरी जागं असावं लागतं. ती जागी असते. होतकरू तिच्यासाठी शेजारच्या खोलीत जागा असतो आणि कागदावर काय बदललं ते तिला कळवतो. या कामाची नोंद त्याच्या कुठल्याही अर्जात नाही.

या कामाचं मोल कळायला एक उदाहरण पुरेल. समुद्र चढल्याने ज्यांचं नुकसान होतंय त्यांना भरपाईची सोय हवी, ही मागणी वानुआतूने छोट्या बेटांच्या गटातर्फे १९९१ साली मांडली. त्यासाठी निधी उभारायचा निर्णय झाला तो २०२२ साली, शर्म अल शेखमध्ये. मध्ये ३१ वर्षं गेली. तेल विकणाऱ्या देशांचे काही वाटाघाटीकार या खुर्च्यांवर दोन-दोन दशकं बसलेले आहेत. त्यांना मागच्या मसुद्यातले स्वल्पविरामही पाठ. त्यांच्यासमोर गरीब देशांकडून बसतात एका वर्षाच्या करारावरचे होतकरू. यांना प्रवेशद्वार कुठे, कॉफी कुठे आणि कंस कुठे हे कळेपर्यंत करार संपतो. मग नवा होतकरू येतो आणि प्रवेशद्वारापासून सुरुवात करतो.

तरुणांना काही जमत नाही असं मात्र कुणी समजू नये. २०१९ साली वानुआतूमध्ये शिकणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वानुआतूच्या सरकारने तो उचलला, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने उचलला, आणि २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे. वर्गात सुचलेली कल्पना हेगपर्यंत गेली, कारण मधली सहा वर्षं ती कुणी सोडली नाही.

आपला होतकरू परत आला की काय होतं? तो मुंबईत एका संस्थेत अकरा महिन्यांच्या करारावर लागतो. मुंबईने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा केला, तिथे त्याच्यासारख्यांना थोडंफार काम तरी आहे. करमाळ्यात टँकर कधी लागतील, ऊस किती लावायचा, उजनीचं पाणी कुणाला, हे प्रश्न सुटायला त्याच्यासारखा माणूस हवा, पण तालुक्याच्या कचेरीत असं पदच नाही. चौकशी केली तेव्हा तिथल्या कारकुनाने त्याचं प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, “एमएससीआयटी झालंय का?”

झालेलं होतं. बायोडाटातल्या संगणक कोर्सच्या त्या ओळीवर त्याला क्षणभर खरा आदर मिळाला.

तेव्हा होतकरूला जरूर हसा. त्याची बाटली, त्याचे स्टिकर, त्याचे कंस हे हसण्यासारखेच आहेत. पण फेलोशिपांच्या पहिल्या वर्षाला पैसे देणारे पुष्कळ आहेत, दहाव्या वर्षाला देणारा कुणी नाही, आणि वाटाघाटी जिंकल्या जातात त्या दहाव्या वर्षी. गरीब देशांकडे होतकरू भरपूर झाले. आता त्यांना मुरलेली माणसं हवीत, आणि माणूस मुरायचा तर त्याला कायमचा पगार लागतो.