गोळी गावात, बाई फडात

दसरा सरला की माजलगाव तालुक्यातल्या वस्त्यांवर ऊसतोडीला न्यायला ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन लागतात. भांडी, पीठ, शेळी, लेकरं, सगळं वर चढतं. किती कोयते निघाले, कुणी किती उचल घेतली, हे मुकादमाच्या वहीत पैशापैशानं लिहिलेलं असतं. वर चढणाऱ्या बाईच्या अंगात रक्त किती आहे, त्याचा रकाना त्या वहीत नाही.

‘अंगात रक्त नाही’ हे आपल्याकडे पावसापाण्यासारखं बोललं जातं. सासूला नव्हतं, जावेला नाही, हिलाही नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आहे. पुरुषांत हेच प्रमाण २२च्या आसपास. चूल एकच, मग एवढा फरक कसा? दर महिन्याची पाळी, बाळंतपणं आणि सगळ्यांची ताटं उचलल्यावर उरलेलं खायची रीत. पहिल्या दोन गोष्टी निसर्गाच्या आहेत, तिसरी आपली.

हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की रक्तक्षय. गरोदरपणात हीच रेघ ११वर असते. आठाच्या खाली, गरोदर बाईचं साताच्या खाली, म्हणजे गंभीर. अशा अंगानं ती डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते, तेव्हा धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. लोक म्हणतात, बाई कामचुकार आहे. मला या शब्दाची चीड येते.

उपाय महाग नाही. लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पण ती चार दिवसांची नाही. नेमानं घेतली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमनं वाढतं, आणि आकडा जागेवर आल्यावरही शरीरातला साठा भरायला आणखी तीन महिने लागतात. बाया आठवड्यात सोडतात, कारण मळमळतं आणि शी काळी होते. काळी शी लोहामुळं होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एवढं एक वाक्य गोळी देताना कुणी सांगायला नको का? मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. लिंबू-आवळ्यासोबत घेतली तर लोह चांगलं अंगी लागतं, चहासोबत घेतली तर नाही. फडात मात्र पहाटे अंधारात पोटात पहिला जातो तो चहाच.

महिन्याभरात आकडा हललाच नाही, तर गळती शोधायची. जंत, मूळव्याध, बी-१२ची कमतरता, किंवा पाळीत अंगावरून जास्त जाणं. या शेवटच्या कारणापाशी आपल्या बीड जिल्ह्याची जखम आहे. जास्त जातंय ना, मग पिशवी काढून टाका, असं सांगितलं जातं. २०१९मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहांत एक. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या आहेत, हार्मोनचे उपाय आहेत, फार खालावलेल्या बाईला शिरेतून लोह देता येतं. शस्त्रक्रिया या सगळ्यानंतर यायची. ती आधी येते, कारण औषधाला महिने लागतात आणि फडात एक दिवस पडला की खाडा, म्हणजे दंड. रक्त तपासायला गेली तरी खाडाच.

या गोळीमागची गोष्ट अशी: १९२८मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा त्यांनी शोध घेतला. नुसतं रक्त पाहून त्या थांबल्या नाहीत, या बाया काय खातात हेही त्यांनी पाहिलं. यीस्टच्या अर्कानं बाया सुधारल्या. त्यातलं गुणकारी तत्त्व पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. आज आशाताई जी गोळी हातावर ठेवते, तिच्यात मुंबईच्या त्या कामकरी बायांचा वाटा आहे. आणि जवळजवळ शंभर वर्षांनी आपली कामकरी बाई त्याच गोळीला मुकते, कारण गोळीचं खातं गावात आणि बाई सहा महिने परजिल्ह्यात, नाहीतर कर्नाटकात.

म्हणून मागणी साधी आहे. ट्रक हलायच्या आधी प्रत्येकीचं हिमोग्लोबिन तपासा, आकडा कार्डावर लिहा, आणि सबंध हंगामाच्या गोळ्या तिच्या हातात द्या. जिथं ऊस तोडतात तिथल्या आरोग्य केंद्रानं ते कार्ड बघून पुढची गोळी द्यावी. तपासणीच्या दिवसाचा खाडा धरू नये, हे कारखान्यानं मुकादमाला लेखी कळवावं. हंगाम संपून पट्टा पडल्यावर बाई परत आली की पुन्हा तपासा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. फडातल्या कोपीवर न्यायच्या पिशवीत पीठ, तिखट, मीठ आधीच असतं. गोळ्यांची पाकिटं त्यात सहज मावतात.