उपयोजित पाहुणा

राळेगणसिद्धीत येणाऱ्या पाहुण्यांचे प्रकार पारनेर तालुक्यात सर्वश्रुत आहेत. अभ्यासदौऱ्याचा भत्ता खिशात घालून आलेले परजिल्ह्यातील सरपंच, सहलीच्या गाडीतून उतरताच प्रथम पिण्याच्या पाण्याची टाकी शोधणारी शाळकरी मुले, आणि अण्णा हजारे उपोषणास बसण्याची नुसती वदंता उठली की उगवणारे वार्ताहर, एवढ्यांत पूर्वी यादी संपत असे. परंतु या साऱ्यांहून निराळा, आणि माझ्या मते अधिक प्रेक्षणीय, असा एक पाहुणा अलीकडे दृष्टीस पडू लागला आहे. तो मराठीच असतो. मात्र एक सत्र नेदरलँड्समध्ये, दुसरे जर्मनीत आणि तिसरे फ्रान्समध्ये काढून उपयोजित अर्थशास्त्राची आंतरराष्ट्रीय पदव्युत्तर पदवी संपादन करण्याच्या तो बेतात असतो, आणि तीन विद्यापीठांच्या मोहरा एकाच दस्तऐवजावर उमटण्यापूर्वी जो प्रबंध सादर करावा लागतो, त्याचा डेटा गोळा करण्यासाठी पाठीवर बोजा घेऊन वाडेगव्हाणच्या फाट्यावर उतरलेला असतो.

गाव पाहावयास तो आलेला नसतो. गाव त्याने युरोपातल्या ग्रंथालयातच पाहिलेले असते. 1975 साली लष्करातून परतलेले अण्णा, यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार, बंद पडलेल्या दारूच्या भट्ट्या, श्रमदानाने दुरुस्त झालेला गळका पाझर तलाव, वर्षाकाठी जेमतेम चारपाचशे मिलिमीटर पडणारा बेभरवशाचा पाऊस, हे सारे त्यास मुखोद्गत असते. त्याला हवी असते ती वाटणी: या समृद्धीत नालाबांधांचा हिस्सा किती, चराईबंदी व कुऱ्हाडबंदीचा किती, नशाबंदीचा किती आणि खुद्द अण्णांचा किती, हे भाऊबंदांच्या तंट्यात सरकारी मोजणीदाराने हद्दीचे दगड रोवावेत तसे त्याला कायम करावयाचे असते, आणि तेही दशांशचिन्हापुढील तिसऱ्या स्थळापर्यंत. नशाबंदीचा परिणाम तेवढा त्यास आकडेमोडीवाचून कळतो. कारण गावातल्या दुकानांत विडी-सिगारेट मिळत नाही, आणि प्रबंधाची चिंता अनावर झाली की त्याला पुन्हा फाट्याची वाट धरावी लागते. त्या फेऱ्यांचा खर्च तो कोणत्याही कोष्टकात धरीत नाही.

खरी पंचाईत होते ती ‘कंट्रोल’ गावापाशी. शास्त्राचा दंडक असा की, राळेगणात जे घडले ते प्रयत्नांनी घडले की कालमानाने आपोआपच घडले असते याचा निवाडा करावयाचा, तर 1975 साली राळेगणाइतकेच दरिद्री, तितकेच कोरडे आणि तितकेच मद्यप्रिय असलेले, परंतु पुढे ज्याचे कोणीही भले केले नाही, असे दुसरे एक गाव आसपास हवे. आता 1992 ची आदर्श गाव योजना, मागाहून जलयुक्त शिवार, मग पाणी फाउंडेशनची स्पर्धा, शिवाय सुप्याची औद्योगिक वसाहत, एवढ्या उपकारांच्या माऱ्यातून सहीसलामत सुटलेले गाव त्या बिचाऱ्याने आणावे कोठून? तरीही येथे काही झाले नसावे अशी मनोमन प्रार्थना करीत तो शेजारच्या एखाद्या ग्रामपंचायतीत शिरतो. विद्यमान सरपंच कडाडतात, “काही झालं नाही असं सांगितलं कुणी तुम्हाला? हे बघा बंधाऱ्याचे फोटो!” आणि तो ओशाळून बाहेर पडतो न पडतो तोच माजी सरपंच त्यास लिंबाखाली गाठून हलक्या आवाजात सांगतात, “लिहा, काहीसुद्धा झालेलं नाही. पाहिजे तर सही देतो.” एकच गाव एकाच सकाळी दोन्ही रकान्यांत बसते, आणि त्या रात्री मार्गदर्शक प्राध्यापकांना लिहिलेले पत्र फार लांबते.

राळेगणचे लोक मात्र मुलाखतीत मुरलेले. ओट्यावर सतरंजी अंथरता अंथरता एखादा शेतकरीच त्याला विचारतो, “बेसलाइन हाय का एंडलाइन? लांबनार असंल तर कांद्याला दारं धरून येतो.” उन्हात टॅबलेटचा पडदा दिसेनासा होतो, म्हणून आमचा पाहुणा डोक्यावरून टॉवेल ओढून घेतो आणि आतूनच प्रश्न विचारू लागतो. “आजी, समजा, गावात पाणीच नाही, तर ते मिळावं म्हणून महिन्याला किती रुपये द्यायला तयार व्हाल?” आजी लसूण सोलीत त्या टॉवेलकडे क्षणभर पाहतात. “पानीच नाय, तर रुपये कुठून येतील रं लेकरा?” मागणी उत्पन्नावर अवलंबून आणि उत्पन्न पुन्हा पाण्यावर, हा गुंता ओळखावयास शिकण्यासाठी त्याने परदेशात एक सबंध सत्र खर्ची घातलेले असते, परंतु पडद्यावर अशा उत्तराला रकाना नसल्यामुळे तो ‘उत्तर दिले नाही’ यावर बोट ठेवून पुढे सरकतो.

या पाहुण्याला पूर्वपरंपरा नाही असे नाही. बडोद्याची दहा वर्षे चाकरी करण्याचा करारनामा लिहून देऊन सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर 1913 साली कोलंबियास गेले, आणि तेथे 1915 मध्ये अर्थशास्त्रात एम.ए. झाले. केंब्रिजहून आलेल्या धनंजयराव गाडगिळांनी तर याच नगर जिल्ह्यात गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांचे मोजमाप केले, ते 1948 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि एवढ्यावर न थांबता विखे पाटलांच्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षपदही पत्करले. आमच्या पाहुण्यापाशी ना महाराज, ना कारखाना. त्याच्यापाशी बँक आहे, आणि बँकेपाशी त्याच्या वडिलांचे, म्हणजे एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाचे, राहते घर तारण आहे.

त्यामुळे प्रश्नावलीतले कर्जाचे पान आले की त्याचा आवाज किंचित खाली येतो. कर्ज संस्थात्मक की खासगी, व्याजाचा दर काय, तारण कोणते, हे तो विचारतो, आणि ओट्यावरचे बाबा शांतपणे सांगतात, “सोसायटीचं. तीन लाखापरेंत मुदतीत भरलं तर बिनव्याजी.” मग विडीची सवय सुटलेली बोटे धोतरावर पुसून ते प्रश्नावलीत नसलेला प्रश्न विचारतात, “आन् तुमच्यावर किती हाय?” तो आकडा सांगतो, व्याजाचा दर सांगतो, घराचेही सांगतो, यावेळी दशांशचिन्ह लागत नाही.

“आन् माफी कधी?”

“शैक्षणिक कर्जाला माफी नसते, बाबा.”

बाबा काही वेळ त्याच्याकडे पाहत राहतात, मग दाराकडे वळून सुनेला हाक मारतात, “पाव्हन्याच्या चहात दूध जादा घाल गं.”