समुद्रवाले भाऊ

गावाला न पेलणारा छंद घेऊन बसलेला एक भाऊ प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी असतोच. मारेगावातल्या भाऊंनी घरात समुद्र ठेवला आहे. गप्पी माशांची बरणी नव्हे. खारं पाणी, निमोच्या जातीचे मासे, प्रवाळ, सगळं साग्रसंगीत. सरळ रेघ ओढली तर मारेगावला मुंबईपेक्षा बंगालचा उपसागर जवळ पडतो, हे पाहुण्याच्या चपला निघायच्या आत सांगून होतं. लहानपणी तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं आणि किडा डोक्यात शिरला. पण 1951 साली सुरू झालेल्या त्या मत्स्यालयाला मरीन ड्राइव्हवर समुद्र रस्त्यापलीकडेच होता. भाऊंच्या रस्त्यापलीकडे कापसाच्या गाड्या उभ्या असतात.

म्हणून समुद्र पिशवीतून येतो. आरओच्या दर लिटर पाण्याला साधारण 35 ग्रॅम सागरी मीठ. माशांना पंचवीस-सव्वीस अंश मानवतात, आणि मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिशीला टेकतो. मग कूलरचं तोंड टाकीकडे आणि घरचे गच्चीवर. वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी पंप, मग जमलं तर पंखा. वहिनी भांडत नाहीत. टाकीकडे हात करून पाहुण्यांना एवढंच सांगतात, "हे ह्यांचे लेकरं. माझे वर गच्चीवर झोपतात."

एवढं करून टाकीत जोमाने वाढतं काय, तर शेवाळ. टाकी नवी होती तेव्हा काचेवर डायटमची तपकिरी पूड बसली. मग दगडांवर केसाळ हिरवं आलं. मग वाळूवर तांबडी बुळबुळीत साय. ती मुळात शेवाळच नाही, सायनोबॅक्टेरिया आहे, हे सांगताना भाऊंचा ऊर भरून येतो.

कृषी केंद्रवाल्याने मोरचूद सुचवला. त्यातल्या तांब्याने शेवाळ मरेलही, पण ते खाणाऱ्या गोगलगायी आणि शोभेचे प्रवाळही त्याच्यासोबत जातील. भाऊंनी नाही म्हटलं, आणि इथे ते बरोबर होते. त्यांनी गोगलगायी मागवल्या, पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा स्किमर बसवला, फॉस्फेट शोषणारी लोहाची दाणेदार भुकटी आणली, दिव्याचे तास घटवले. शेवाळ जरा खंगलं आणि पुन्हा उभं राहिलं.

निदान केलं शेजारच्या कापूसवाल्या काकांनी.

"भाऊ, हे जगते कायच्यावर?"

"नायट्रेट आणि फॉस्फेटवर."

"म्हंजे आमचा युरिया न् डीएपीच झालं ना जी! आम्ही पैसे मोजून टाकतो, तुम्ही पैसे मोजून काढता. पण टाकते कोन?"

टाकतात भाऊच. माणूस दारात आला की त्यांचा हात खाद्याच्या डबीकडे जातो. चिमूट पडते, मासे झेपावतात, पाहुणा 'वा' म्हणतो. दूधवाला, पेपरवाला, वर्गणीवाली पोरं, कुणीही चालतं. पोळ्याला तर घरात जत्राच असते. उरलेलं खाद्य कुजतं, माशांची विष्ठा त्यात भर घालते आणि शेवाळाला खताचा हप्ता चुकत नाही. शिवाय विदर्भाच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं. मीठ मागेच राहतं, म्हणून वरून गोडं, शुद्ध पाणी घालायचं असतं. आरओचं संपलं की भाऊ बोअरचं ओततात. त्यातलं सिलिकेट आणि असेल तेवढं नायट्रेट आयतंच टाकीत.

काकांचं निदान भाऊंनी अर्थातच मानलेलं नाही. "कोरडवाहू माणसाला समुद्रातलं काय कळते?" असं म्हणून त्यांनी काकांनाही दाखवण्यासाठी एक चिमूट टाकली.

माझ्या मते स्किमर चांगला, गोगलगायी चांगल्या, रोग भाऊंच्या दोन बोटांत आहे. तरी मारेगावला गेलात तर ही टाकी जरूर पाहा, भाऊ माणूस प्रेमळ आहे. फक्त हात डबीकडे वळला की "आताच जेवले म्हणे मासे, वहिनी सांगत होत्या" असं म्हणून तो हात धरा.