दूध बैलाला, कोरा चहा पोरांना

कुंपणाला माझ्या बाजूने जास्वंद आणि मावशींच्या बाजूने वाळत घातलेली लुगडी, अशी आमची हद्द. मधल्या दोन तारा कायमच्या वाकलेल्या आहेत, कारण वाट्या-पातेली तिथूनच ये-जा करतात. आळेफाट्याच्या चौकात पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना कापतात. तिथला हॉर्नचा कालवा इथवर पोचतो, पण मावशी बोलायला लागल्या की तो ऐकू येत नाही.

"बाई, सहा अंडी हायेत का उसनी?"

"पाहुणे आलेत?"

"पाव्हणे कसले! सर्जाला. थापलिंगला गेलाय, सांजच्याला दमून येईल."

"अहो, आज पौष पौर्णिमा ना?"

"बैलाला कसली आलीया पौर्णिमा!"

सर्जा म्हणजे त्यांचा खिल्लार. पहाटे चारला त्याला पिकअपमध्ये चढवून बापलेक आंबेगावात थापलिंगच्या खंडोबाला गेले होते. पौष पौर्णिमेची यात्रा आणि घाटातली, म्हणजे चढाच्या धावपट्टीवरची, बैलगाडा शर्यत, हे आमच्याकडे एकाच श्वासात म्हणायचे शब्द. मावशी तारेला टेकल्या, म्हणजे आता अर्धा तास गेला हे मी समजले.

"उडदाची डाळ ह्याला, बाजरीचं पीठ ह्याला, सकाळ-सांजेला दूध ह्याला. मपला नातू कोरा चहा पितो. म्हातारं म्हणतं, पोराला काय, त्याला शाळंत खिचडी मिळती."

विषय बदलावा म्हणून मी भाच्याने फ्रान्सहून पाठवलेला व्हिडिओ दाखवला. तिकडे लोएआक नावाचं सहाशे-सातशे वस्तीचं खेडं आहे. रॅलीक्रॉस नावाच्या मोटारींच्या शर्यतीसाठी तिथे दरवर्षी हजारोंनी माणूस लोटतं. मूळ खेळ इंग्लंडातला, 1967 साली टीव्हीवर दाखवता यावा म्हणून काढलेला. फ्रान्समध्ये तो 1976 साली ह्या लोएआकलाच आला. थोडा रस्ता डांबरी, थोडा मातीचा, चार-पाच फेऱ्या, पाच-सहा गाड्या एकदम सुटतात आणि पहिल्याच वळणावर एकमेकींना घासतात.

मावशींनी मोबाइल लांब धरून पाहिला. "धुरळा मातुर आपल्यावाणीच. पण एवढी वळणं कशाला? आपल्या घाटाला वळण न्हाई, गाड्याला ब्रेक न्हाई अन् वर डायवरबी न्हाई."

खरंच आहे. सातारा-सांगलीकडे दोन बैलांच्या छकड्यावर हाकणारा बसतो, विदर्भातल्या शंकरपटाची तऱ्हा आणखी वेगळी. आमच्या जुन्नर-आंबेगाव-खेडच्या घाटात मात्र चार बैल, दोन मागे नि दोन पुढे. गाडा रिकामा, आणि सगळ्यांच्या पुढे स्वारासकट पळणारी घोडी. बैल पळतात ते तिच्या मागे. एकेक गाडा एकटाच सुटतो, सामना घड्याळाशी. पूर्वी हातातलं घड्याळ होतं तेव्हा निकालावरून भांडणं व्हायची, आता सेन्सर आलेत आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावरून होतात. एका पळण्याला बारी म्हणतात. कुणाची बारी कधी ते टोकनवर ठरतं. सगळ्यांत कमी वेळ त्याचा, तो घाटाचा राजा.

"त्या मोटारवाल्यांत आणखी एक गंमत आहे," मी सांगितलं. "प्रत्येकाने शर्यतीत एकदा मुद्दाम लांबच्या वाटेने जायचं, असा नियमच आहे."

"नियम कशाला पायजे? आपला सर्जा आपल्या मनानं जातो. गेल्या साली घोडी सरळ गेली अन् ह्यो उसाच्या रसाच्या गाड्याकडं."

हसून झाल्यावर मी विचारलं, शर्यतबंदीच्या काळात तुम्ही बैल विकला का नाही? हे विचारायला नको होतं. मावशींनी वाळत घातलेलं लुगडं पुन्हा झटकलं.

"इकू म्हणलं की. दर सोमवारी म्हणायचे, आज बेल्ह्याच्या बाजाराला न्या. तर म्हातारं म्हणायचं, औंदा उठती बंदी."

ते औंदा म्हणजे काय, हे मला शाळेतल्या वर्तमानपत्रामुळे तारखांसह ठाऊक आहे. 11 जुलै 2011 ला केंद्र सरकारने खेळ करायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. त्या यादीत आधीपासून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह होते. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या आ वासून बघत राहिल्या. "बिबट्या? त्यो तर इथं उसातून मोकळा हिंडतो. त्याला कोण जुपायला गेलं हुतं?" मग काही वर्षं चालू-बंद, चालू-बंद. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर आमचा घाटही बंद केला.

"2016 सालच्या जानेवारीत म्हातारं पेढं घेऊन आलं. सरकारनं परवानगी दिली म्हणं. समद्या आळीत वाटलं."

मलाही आला होता तो पेढा. अधिसूचना 7 जानेवारीची आणि न्यायालयाची स्थगिती 12 जानेवारीची. पाच दिवस. मावशींच्या डब्यात अजून चार पेढे शिल्लक होते. पुढच्या साली तमिळनाडूत लोक मरीना किनाऱ्यावर जाऊन बसले, तिथला कायदा बदलला, म्हणून एप्रिलमध्ये आपल्या विधिमंडळानेही बदलला. जुलैत राष्ट्रपतींची सही झाली. म्हातारबाबा पुन्हा पेढ्यांना निघाले, तेव्हा मावशींनी पिशवी लपवली. त्या शहाण्या निघाल्या, कारण ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने पुन्हा अडवलं.

"शर्यत बंद झाली, बाई, पर दूध बंद झालं न्हाई. घाटात बाभळी उगवल्या. अन् गोठ्यात ह्याचा बाप उडदाची डाळ खाऊन लोळत पडला. धा बारा वर्साचा हिशेब कुणी इचारला का मला?"

सर्जाचा बाप बंदीतच म्हातारा झाला. एकही मोठी बारी न पळता गेला. ऐन उमेदीच्या वर्षांत पळू न शकलेल्या अशा बैलांची एक पिढीच्या पिढी ह्या तीन तालुक्यांत होऊन गेली.

मी थोडं दबकत विचारलं, "पण मावशी, मारायचे ना पूर्वी?"

त्यांनी आधी मागे गोठ्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "मारायचे की. काठीला चुका ठोकायचे. शेपटीला चावायचे. काही जण तर बॅटरी लावायचे. आमच्या घरातबी व्हती तसली एक काठी, म्या चुलीत घातली. दोन दिस बोललं न्हाई म्हातारं."

माझं मत मी त्यांना सांगितलं, इथेही लिहिते. बंदी आली नसती तर ती काठी इतर घरांतल्या चुलींत गेली नसती. आता कायद्यात काठी नाही, विजेचा झटका नाही, आयोजकाची 50 हजारांची अनामत, धावपट्टी 1000 मीटरच्या आत, डॉक्टरचा दाखला. सगळं सगळीकडे पाळलं जातं असं म्हणायला मी काही भाबडी नाही. पण ज्या आळे गावात वेद बोललेल्या रेड्याची समाधी आहे आणि लोक तिच्यापुढे नारळ फोडतात, त्या गावाला जनावराच्या अंगावरचे वळ कोर्टाने दाखवावे लागले, ह्याची मला जरा लाज वाटते.

"मग एकवीस साली सुटली एकदाची," मावशी म्हणाल्या.

16 डिसेंबर 2021. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी लांडेवाडीला शर्यत ठरली, गाडे भरले, आणि ऐन वेळी करोनामुळे परवानगी मागे घेतली गेली. मग फेब्रुवारीत निमगाव दावडीच्या खंडोबाला खासदार अमोल कोल्हे घोडीवर बसले. गाड्यापुढे घोडी पळवीन हा प्रचारातला शब्द होता, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी आढळराव पाटील यांच्या बाजूचे लोक त्याची रोज आठवण करून द्यायचे. शिरूर मतदारसंघात खासदारकीची परीक्षा घोडीवर घेतात, हे दिल्लीतल्या लोकांना सांगून पटायचं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात चिखलीला पहिलं बक्षीस म्हणून जेसीबी लागला. मावशींचा थोरला तेव्हापासून जेसीबीची स्वप्नं बघतो; घरी आजवर आलेत ते एक कुलर आणि दोन ढाली. शेवटी 18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले.

"त्या दिशी पेढे आणले का?"

"आणले की. पर म्या आठ दिस डबाच उघडला न्हाई. म्हणलं, बघू आधी टिकतंय का."

तेवढ्यात त्यांचा नातू कोरा चहा हातात घेऊन आणि मोबाइल वर धरून पळत आला. "आजी, आपली बारी! लाईव्ह!" चाळीस वर्षं मावशींनी बैल चारले, पण घाट कधी पाहिला नव्हता. त्यांच्या वेळी बायका जात नसत, आणि आता जातात तर गुडघे जात नाहीत. आम्ही तिघं तारेवरून एका स्क्रीनवर वाकलो. निवेदकाचं "भिर्रर्रर्र" फुटलं, घोडी सुटली, मागे चार शिंगांच्या जोड्या, धुरळा, निशाण पडलं. बारा सेकंद आणि वर काहीतरी.

मावशी स्क्रीनकडे बघतच राहिल्या.

"झाली?"

"झाली."

"एवढीच आस्ती?"

नातू उड्या मारत होता, सर्जा सरळ गेला होता, रसाच्या गाड्याकडे वळला नव्हता. मावशींनी पदराने डोळे पुसले. धुरळा इथवर आला नव्हता, तरी.

"द्या बाई ती अंडी," त्या म्हणाल्या. "सहा न्हाई, सात द्या. एक ह्या पोराला."